हॅरी फर्ग्युसन

विद्यार्थ्यांनो, ट्रॅक्टर तुम्ही पाहिलाच असेल. पण त्याच्या मागच्या बाजूकडे कधी नीट पाहिले आहे का? तेथे तीन दांडे दिसतात. दोन खाली आणि एक वर, मधोमध. नांगर असो, पेरणीयंत्र असो की गवत कापायचे यंत्र असो, ते या तीन दांड्यांना जोडतात. जगातील बहुतेक ट्रॅक्टरांना अशीच जोडणी असते. ती ज्यांच्यामुळे रूढ झाली, त्या हॅरी फर्ग्युसन यांची हकिकत आता वाचा.

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडमधील ड्रोमोर गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. घरात अकरा भावंडे होती. वडील फार कडक शिस्तीचे होते. हॅरीला मात्र शेतीची कामे मुळीच आवडत नसत. चौदाव्या वर्षी त्याने शाळा सोडली. १९०२ साली तो बेलफास्ट शहरात आपल्या भावाच्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात कामाला लागला. तेथे त्याचे मन रमले. ३१ डिसेंबर १९०९ रोजी त्याने स्वतः बनवलेले विमान सुमारे १२० मीटर उडवून दाखवले. आयर्लंडमधील ते पहिले उड्डाण होते!

पुढे पहिले महायुद्ध सुरू झाले. देशात धान्याची टंचाई भासू लागली. १९१७ साली सरकारने फर्ग्युसन यांच्यावर एक काम सोपवले. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर नीट कसा वापरावा, हे गावोगाव जाऊन दाखवायचे. या कामात विली सँड्स हा कुशल कारागीर त्यांच्यासोबत होता. शेतीला कंटाळून घर सोडलेला मुलगा असा पुन्हा शेतातच आला.

शेतात त्यांना एक भयंकर गोष्ट दिसली. त्या काळी नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीने ओढत असत. नांगर एखाद्या दगडात अडकला की ट्रॅक्टर जागच्या जागी थांबे. पण इंजिनाचा जोर चालूच राही. मग पुढची चाके वर उचलली जात आणि ट्रॅक्टर मागे उलटा पडे. चालवणारा त्याखाली चिरडला जाई. अशा अपघातांत कितीतरी माणसांचे प्राण गेले होते.

ट्रॅक्टर आणि नांगर वेगळे ठेवू नयेत, दोघांचे मिळून एकच यंत्र करावे, असे फर्ग्युसन यांच्या मनात आले. अनेक वर्षे प्रयोग करून त्यांनी तीन दांड्यांची जोडणी तयार केली. खालचे दोन दांडे अवजार ओढतात. नांगर अडकला तर वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो, त्यामुळे पुढची चाके जमिनीवर राहतात. नांगर फार खोल गेला तर वरच्या दांड्यावरचा दाब वाढतो आणि तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा नांगर आपोआप थोडा वर उचलते. १९२६ साली त्यांनी या शोधाचे पेटंट घेतले.

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, त्यांनी पुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचावा. वरचा दांडा म्हणजे एक नळी असते. तिच्या एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात. नळी फिरवली की दांडा लांब किंवा आखूड होतो. नांगरताना दांड्यावर मोठा दाब असतो, म्हणून नळी सहसा हलत नाही. गवत कापताना दाब कमी आणि हादरे जास्त! पाती वेगाने फिरतात, सारे यंत्र थरथरते आणि नळी हळूहळू आपोआप फिरू लागते. खालचे दांडे उचलणाऱ्या उभ्या दांड्यांचे आटेही असेच सरकतात. मग गवत एका बाजूला खरडले जाते आणि दुसऱ्या बाजूला उंच राहते. म्हणून लांबी ठरवून झाली की नळीला टेकणारा दुसरा नट घट्ट आवळावा. तो नसेल तर नळीची मूठ तारेने पक्की बांधावी. अर्धा तास काम झाल्यावर पुन्हा पाहावे. झिजलेल्या पिना बदलाव्यात. मात्र हे करताना इंजिन बंद हवे आणि यंत्र जमिनीवर टेकलेले हवे. घाईत ही गोष्ट विसरणारे लोक मी पाहिले आहेत.

फर्ग्युसन यांचा नीटनेटकेपणा प्रसिद्ध होता. त्यांच्या ट्रॅक्टरबरोबर मिळणारा एकच पाना बहुतेक नटांना चाले. त्यावर इंचांच्या खुणाही असत, म्हणजे नांगराचे मापही त्यानेच घ्यावे!

पण याच माणसाने आयुष्यातला सर्वांत मोठा करार कागदावर केला नाही. १९३८ साली ते अमेरिकेत हेन्री फोर्ड यांना भेटले. चावीच्या लहानशा ट्रॅक्टरने त्यांनी आपला शोध समजावून सांगितला. फोर्ड खूश झाले. दोघांनी हस्तांदोलन केले आणि व्यवहार ठरला. १९३९ पासून त्या कारखान्यात तीन लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. १९४७ साली हेन्री फोर्ड यांचे निधन झाले. तोवर कारभार त्यांच्या नातवाकडे गेला होता. त्याने तो तोंडी करार मोडला, पण फर्ग्युसन यांची जोडणी मात्र वापरणे चालू ठेवले. फर्ग्युसन यांनी १९४८ साली पंचवीस कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा दावा लावला. खटला चार वर्षे चालला. १९५२ साली त्यांना साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले.

तोपर्यंत ते स्वस्थ बसले नव्हते. १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात त्यांचा लहान, करड्या रंगाचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला होता. दहा वर्षांत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले गेले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी हे ४ जानेवारी १९५८ रोजी याच ट्रॅक्टरांवरून दक्षिण ध्रुवावर पोहोचले.

२५ ऑक्टोबर १९६० रोजी फर्ग्युसन यांचे निधन झाले. त्याच वर्षी मद्रासमध्ये एक कंपनी स्थापन झाली आणि पुढे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर भारतात तयार होऊ लागला. आपल्याकडचे शेतकरी त्याला नुसते 'मॅसी' म्हणतात. तो दिसला तर त्याच्या मागे जाऊन उभे राहा आणि वरच्या दांड्याचा नट घट्ट आहे का, ते चालकाला विचारा.