परळची प्रयोगशाळा आणि गर्भाचे पहिले २८ दिवस

पाळी चुकली, तपासणी झाली, दिवस गेल्याचे नक्की झाले, की डॉक्टर बहुधा सर्वांत आधी फॉलिक ॲसिडची गोळी लिहून देतात. ती रक्तवाढीसाठी असते, असा बहुतेकींचा समज असतो. तो खरा आहे, पण अपुरा. या गोळीचा गर्भाच्या मेंदूशी आणि मज्जारज्जूशीही थेट संबंध आहे. या गोळीच्या इतिहासाचे पहिले पान मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत लिहिले गेले आणि ते लिहिणाऱ्या डॉक्टर होत्या लूसी विल्स.

लूसी यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतीशास्त्र आणि भूशास्त्राचा अभ्यास पुरा केला. मात्र त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना परीक्षा देऊ देई, पदवी देत नसे. पुढे त्या दक्षिण आफ्रिकेत गेल्या. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर तिथे त्यांनी रुग्णसेवा केली आणि त्यानंतर वैद्यकाकडे वळण्याचे ठरवले. १९२० साली लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. स्वतःचा दवाखाना काढण्यापेक्षा त्यांना प्रयोगशाळेची ओढ अधिक होती.

१९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या. बाळंतपणातील मातामृत्यूंची कारणे शोधण्याचे काम इथे चालू होते. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत काही स्त्रियांना तीव्र रक्तक्षय होई. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. अनेक बायका त्यात दगावत. कापड गिरण्यांच्या या शहरातील गरीब कष्टकरी वस्त्यांमध्ये हा आजार जास्त होता.

विल्स यांनी आधी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली, पण तसा पुरावा मिळाला नाही. मग त्यांनी या बायकांचे राहणीमान आणि जेवण यांची पाहणी केली. मेहता आणि तळपदे या इथल्या सहकाऱ्यांची नावेही त्या काळच्या शोधनिबंधांवर आहेत. आजारी बायकांच्या आहारात प्रथिने, फळे आणि भाज्या फार कमी असल्याचे त्यांना आढळले. तसाच निकृष्ट आहार गाभण उंदरांना आणि पुढे माकडांना देऊन त्यांनी प्रयोग केले. अगदी खंगलेल्या एका माकडाला त्यांनी मार्माइट खायला दिले. मार्माइट म्हणजे यीस्टपासून बनवलेला, पावाला लावून खायचा एक खारट पदार्थ. ते माकड भराभर सुधारले.

यानंतर मार्माइट रुग्ण स्त्रियांना देण्यात आले. काही दिवसांतच त्यांच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. हे निष्कर्ष १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळी दुसऱ्या एका रक्तक्षयावर यकृताचा अर्क देत. मात्र त्याचा अधिक शुद्ध केलेला अर्क विल्स यांच्या रुग्णांना लागू पडत नसे. म्हणजे यीस्टमध्ये काहीतरी वेगळे होते. त्याला नाव मिळाले ‘विल्स घटक’. पुढे १९४१ साली अमेरिकेतील संशोधकांनी पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा केला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटले. विल्स यांच्या रुग्णांना बरे करणारा घटक याच कुळातला, म्हणजे फोलेट, असल्याचे नंतर लक्षात आले.

पेशीची विभागणी होताना तिच्या डीएनएची नवी प्रत तयार व्हावी लागते. त्यासाठी फोलेट लागते. ते कमी पडले, की अस्थिमज्जेतील पेशी वाढतात, पण विभागत नाहीत. विल्स यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या मोठ्या पेशींचे कारण हेच होते.

पेशी सर्वांत झपाट्याने विभागतात त्या गर्भात. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी तयार होते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि जुळून नळी बनते. हीच मज्जानलिका. तिच्या वरच्या भागातून मेंदू आणि खालच्या भागातून मज्जारज्जू घडतो. साधारण २८व्या दिवसापर्यंत तिची दोन्ही टोके बंद होतात. त्या वेळी गर्भ जेमतेम चार मिलिमीटरचा असतो. खालचे टोक उघडे राहिले, तर बाळाच्या कण्यात दोष राहतो आणि पाय लुळे पडू शकतात. वरचे टोक उघडे राहिले, तर मेंदू नीट घडत नाही आणि बाळ जगत नाही.

फोलेटचा या दोषांशी संबंध असावा, अशी शंका १९६०च्या दशकात पुढे आली. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या चाचणीने १९९१ साली ती खरी ठरवली. आधीच्या बाळात असा दोष आढळलेल्या स्त्रियांना पुढच्या गर्भारपणाच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिले, तेव्हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. लूसी विल्स यांना हे पाहता आले नाही. निवृत्तीनंतरही आहार आणि रक्तक्षयाच्या कामासाठी देशोदेशी जाणाऱ्या या अविवाहित, सायकलवरून कामाला जाणाऱ्या डॉक्टरांचे १६ एप्रिल १९६४ रोजी निधन झाले. त्या आईचे रक्त तपासत होत्या. त्याच घटकाने बाळाचा कणाही सांभाळला जातो, हे कळायला आणखी काही दशके जावी लागली.

आता थोडा हिशेब करू. गर्भधारणेनंतरचा २८वा दिवस म्हणजे पाळी चुकून सुमारे दोन आठवडे. तोवर अनेकींना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. दवाखान्यात नाव घालून गोळी सुरू होईपर्यंत मज्जानलिका मिटलेली असते. उशिरा सुरू केलेली गोळी आईच्या रक्तासाठी उपयोगाची असतेच, पण कण्यासाठीची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून मूल हवे असे ठरवल्यावर, गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे, असा सल्ला दिला जातो. आधीच्या बाळात असा दोष असेल किंवा फेफऱ्याची औषधे चालू असतील, तर जास्त मात्रा लागू शकते. ती डॉक्टरांनीच ठरवावी, आणि चालू औषधे मनाने बंद करू नयेत. पालक, मेथी, डाळी, हरभरे, शेंगदाणे यांतून फोलेट मिळते. मात्र भाजी फार वेळ शिजवली, की त्यातले बरेचसे नष्ट होते, त्यामुळे या काळात केवळ जेवणावर विसंबू नये.

लग्नानंतर मुलाचा विचार घरात सुरू होतो, तेव्हाच या गोळीचाही विषय निघायला हवा. गोड बातमी कळेपर्यंत थांबलो, तर तिचे निम्मे काम राहून जाते.