मध्य प्रांतातील दुष्काळ आणि पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे चरित्र सांगताना मराठी लेखकांचे लक्ष बहुधा दोन प्रसंगांवर खिळते: १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी केलेला ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, आणि त्यानंतर दहा वर्षांनी पुण्याच्या शारदा सदनावरून उठलेले वादळ. देवदत्त नारायण टिळकांनी १९६० मध्ये विस्तृत चरित्र लिहिले. पण सर्वसामान्य वाचकाच्या मनातल्या रमाबाई या वादांच्याच नायिका राहिल्या. १८९७ चा मध्य प्रांतातला प्रसंग त्या मानाने उपेक्षित आहे. माझ्या मते त्यांच्या उत्तरायुष्याचा अर्थ तेथूनच लागतो.

जबलपूर, दमोह, सागर, मंडला हे मध्य प्रांताच्या उत्तरेकडील जिल्हे १८९६-९७ च्या दुष्काळात अतिशय होरपळले. पिके आधीची काही वर्षेही साधली नव्हती, आणि सरकारी मदत पुरेशी होण्यापूर्वीच माणसे गावे सोडून निघाली होती. जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत ७,४८,१४६ होती. १९०१ मध्ये ती ६,८०,५८५ वर आली. १९०० च्या दुष्काळाचा वाटाही तीत आहे. जबलपूर हे तेव्हा मुंबई-कलकत्ता लोहमार्गावरील मोठे जंक्शन. ज्या मार्गाने धान्य यायचे त्याच मार्गाने पोरकी मुले दूरच्या आश्रमांकडे जाऊ लागली.

या वार्ता पुण्यास पोहोचल्या तेव्हा रमाबाईंपाशी पैसा नव्हता, आणि शारदा सदनाचा व्यापही मोठा होता. तरी त्या १८९७ च्या आरंभी मध्य प्रांतात गेल्या. याचे कारण त्यांच्या तरुणपणात शोधावे लागते. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे पत्नीस संस्कृत शिकवतात म्हणून शास्त्रीमंडळींच्या रोषास पात्र झालेले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि पुराण ऐकून दक्षिणा देणारे हात आटले. जवळचे सर्व विकून झाल्यावर ही मंडळी रानात शिरली. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर काढले. थोड्याच महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. आईच्या तिरडीस खांदा द्यायला पुरेसे ब्राह्मण मिळाले नाहीत. भाऊ श्रीनिवास याच्यासमवेत रमाबाई स्वतः पुढे झाल्या, आणि उंचीने ठेंगण्या असल्यामुळे त्यांना आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घ्यावा लागला.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या तरुणीला ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, ती भुकेतून वाचलेली पोर होती, ही गोष्ट तिच्या विद्वत्तेच्या प्रभेत आपण विसरतो. पुढे १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी हेही गेले.

मध्य प्रांतात रमाबाईंनी पाहिलेले पहिले गरीबगृह म्हणजे घर नव्हतेच. गावाबाहेरच्या झाडांखाली माणसे बसली होती. मुलींची स्थिती सर्वांत वाईट. अन्नाचे आमिष दाखवून त्यांना पळवणारे लोक या छावण्यांभोवती घिरट्या घालत असत, आणि जेथे रक्षण व्हावे तेथेही त्या सुरक्षित नव्हत्या. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली निवडून आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला. एवढा जमाव शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केल्यामुळे केडगावच्या शेतजमिनीवर तात्पुरती छपरे उभी राहिली. २४ सप्टेंबर १८९८ रोजी तेथे मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली.

या मुली कृतज्ञ, गरीब गाईसारख्या आल्या अशी कल्पना कोणी करू नये. चोरी, खोटे बोलणे, मारामारी, आंघोळीचा तिटकारा अशा अनेक गोष्टींनी शिक्षिका जेरीस आल्या. पुष्कळींच्या अंगाला व्रण होते. काही तर अन्न मिळू लागल्यावरही दगावल्या. आपत्तीत सापडलेल्या मुलाच्या मनाला होणाऱ्या जखमेचा आज स्वतंत्र विचार होतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर व १९९७ च्या जबलपूरच्या भूकंपानंतर तो विचार आपल्याकडे रुजू लागला होता. रमाबाईंपाशी असे शास्त्र नव्हते. त्यांना एवढे ठाऊक होते की हा दुर्गुण नव्हे, हे भुकेचे वर्तन आहे.

उपाय साधे होते. शारदा सदनातील जुन्या मुलींकडे नव्या मुलींचे गट सोपवले गेले. आईवेगळ्या पोरीला निदान एक हक्काची बाई मिळाली. नेमलेल्या वेळी जेवण मिळत असे. हाताला काम मिळाले: शेत, विणकाम, तेलघाणा, गुरे आणि पुढे छापखाना. अमेरिकेत, फिलाडेल्फियामध्ये, रमाबाईंनी फ्रोबेलची बालोद्यान पद्धती अभ्यासली होती. ती उच्चवर्णीय बालविधवांच्या शिक्षणासाठी शिकलेली. उपयोगी पडली ती खेड्यापाड्यांतल्या, नाना जातींच्या भुकेल्या पोरींना. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर मुक्तीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. अंध मुलींसाठी कन्या मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवण्याची सोय केली.

या कार्यावर आक्षेप आहेत आणि ते टाळणे बरे नव्हे. अनाथ मूल ज्या घरी वाढते त्या घराचा धर्म त्याचा होतो. मुक्तीत तो ख्रिस्ती होता, आणि निवड करण्याचे वय पुष्कळ मुलींचे नव्हते. पुण्यातील टीकाकारांनी हे बोलून दाखवले, यात सारे काही द्वेषानेच होते असे म्हणता येणार नाही. भाषेचाही प्रश्न आहे. नर्मदेकाठच्या बुंदेली-हिंदी बोलणाऱ्या मुलींना केडगावात मराठीच्या मुलुखात वाढावे लागले. नव्या भाषेने त्यांना अक्षर दिले, पण गावाकडची गाणी, घरची नावे यांचे काय झाले असेल? ज्यांनी आक्षेप घेतले त्यांच्यापैकी किती जण त्या झाडीपर्यंत गेले होते, हेही मात्र विचारलेच पाहिजे.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या आणि संस्थेची वारस गेली. रमाबाई तोवर बहिऱ्या व थकलेल्या होत्या, पण मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नव्हते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्याचे खिळे जुळवले ते मुक्तीच्या छापखान्यातील मुलींनी.