मतपेटीपर्यंतची वाट

१९५४ सालच्या मे महिन्यात भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. नागपूरच्या पूर्वेला अवघ्या साठ-पासष्ट किलोमीटरवर असलेला हा जिल्हा धानाच्या शेतीचा, तलावांचा आणि विडी वळणाऱ्या हातांचा. येथल्या राखीव जागेसाठी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी त्यांचा सुमारे आठ हजार मतांनी पराभव केला. दोनच वर्षांपूर्वी, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, उत्तर मुंबईत नारायण काजरोळकर यांच्याकडून ते असेच पराभूत झाले होते. ज्या संविधानाने प्रत्येक प्रौढ भारतीयाच्या हाती मत दिले, त्याच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांना त्याच मताने दोन वेळा नाकारले.

या घटनेकडे नियतीचा विपरीत न्याय म्हणून पाहण्याची प्रथा आहे. तथापि बाबासाहेबांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभापासून मागोवा घेतला, तर या पराभवाची मीमांसा त्यांनी स्वतःच पस्तीस वर्षे आधी सुरू केली होती असे दिसून येते. मताचा हक्क कायद्याने मिळणे, तो हक्क निर्भयपणे बजावता येणे आणि बजावलेल्या मतातून आपल्या विश्वासाचा प्रतिनिधी निवडून येणे, या तीन भिन्न गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणजे उरलेल्या दोन्ही आपोआप मिळतात, हा समज त्यांनी कधीच बाळगला नाही.

न्यूयॉर्कमधील तीन वर्षे

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला, सातारच्या शाळेत इतर मुलांपासून वेगळा बसवला गेलेला हा विद्यार्थी बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. सेलिग्मन यांच्यासारखे सार्वजनिक वित्ताचे पंडित आणि ड्यूई यांच्यासारखे लोकशाहीचे तत्त्वज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभले. १९१५ साली ते एम.ए. झाले आणि १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी भारतातील जातींवरील आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला.

त्या काळातील अमेरिका ही मताधिकाराच्या अभ्यासकाला विलक्षण बोलका धडा देणारी होती. यादवी युद्धानंतर तेराव्या घटनादुरुस्तीने १८६५ मध्ये गुलामगिरी नष्ट केली, चौदाव्या दुरुस्तीने १८६८ मध्ये नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण दिले आणि पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये वंश, वर्ण अथवा पूर्वीची दास्यावस्था या कारणांवरून मत नाकारण्यास मनाई केली. कागदावर काम पूर्ण झाले होते. परंतु मतदारयाद्या व पात्रतेचे नियम घटकराज्यांच्या हाती राहिले. दक्षिणेतील राज्यांनी वर्णाचा उल्लेखही न करता मतदानासाठी कर भरण्याची अट घातली, साक्षरतेची परीक्षा लावली आणि पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक गोऱ्यांपुरती राखली. ज्यांचे आजे-पणजे मतदार होते त्यांना परीक्षेतून सूट देणारे कलमही काही राज्यांनी केले. गुलामाचा आजा मतदार असणे शक्यच नव्हते. लुइझियाना राज्यात १८९६ साली सुमारे एक लाख तीस हजार कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, ते १९०४ साली तेराशेच्या आसपास उरले. या वडिलोपार्जित सवलतीचे कलम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ च्या जून महिन्यात रद्द ठरवले, तेव्हा तरुण भीमराव न्यूयॉर्कमध्येच होते. बाकीचे अडसर मात्र आणखी अर्धशतक टिकले. मतदानकर चोविसाव्या घटनादुरुस्तीने १९६४ मध्ये संघीय निवडणुकांपुरता गेला आणि पंधराव्या दुरुस्तीला खरे दात आले ते १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने. घटनेतील वाक्य आणि मतपेटी यांच्यात पंचाण्णव वर्षांचे अंतर पडले.

गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना बाबासाहेबांच्या लेखनात पुढे वारंवार येते. १९४६ साली तर त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते व विद्वान डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र पाठवून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. भारतातील अस्पृश्यांनीही तोच मार्ग धरावा की काय, हा विचार त्यांच्या मनात घोळत होता.

मालमत्तेची चाळणी

मायदेशी परतल्यावर ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे २७ जानेवारी १९१९ रोजी त्यांची साक्ष झाली. वय अवघे सत्तावीस. तेव्हाचा मताधिकार जमीनमहसूल, घरभाडे आणि प्राप्तिकर यांवर आधारलेला होता. वरकरणी ही कसोटी सर्वांना सारखी होती. परंतु ज्या समाजाला परंपरेने जमीन धारण करू दिली नाही, व्यापार करू दिला नाही आणि गिरणीच्या ज्या खात्यात मजुरी अधिक मिळते तेथे विटाळाच्या भीतीने शिरू दिले नाही, त्याला मालमत्तेची अट घालणे म्हणजे अन्यायाच्या परिणामालाच अपात्रतेचे कारण ठरवणे होय. यास्तव अस्पृश्यांसाठी मताची पात्रता खाली आणावी व त्यांना स्वतःचे प्रतिनिधी स्वतः निवडू द्यावेत, अशी त्यांची मागणी होती. प्रत्यक्षात मुंबई कायदेमंडळात अस्पृश्यवर्गासाठी एकच जागा ठेवण्यात आली आणि तीही सरकारने नेमण्याची.

प्रतिनिधी कोणी निवडायचा, हा प्रश्न नागपुरातच ऐरणीवर आला. १९२० साली मे महिन्याच्या अखेरीस राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली येथे अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी इतरांनी निवडावेत, या सूचनेला बाबासाहेबांनी त्या व्यासपीठावरून कडाडून विरोध केला. तेव्हापासून नागपूर हे त्यांच्या राजकीय जीवनातील प्रत्येक वळणाचे साक्षीदार राहिले. पहिल्या गोलमेज परिषदेपूर्वी, ऑगस्ट १९३० मध्ये, दलितवर्गीय काँग्रेसचे अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली येथेच झाले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापनाही जुलै १९४२ मध्ये येथल्याच परिषदेत झाली.

सायमन आयोगापुढे १९२८ साली त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. तो मिळत असेल तर राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ चालतील, न मिळाल्यास विभक्त मतदारसंघ हवेत, अशी त्यांची तर्कशुद्ध भूमिका होती. निरक्षर माणसाला मत कसे द्यावे, या नेहमीच्या शंकेचा त्यांनी १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात समाचार घेतला. अक्षरओळख नसणे म्हणजे बुद्धी नसणे नव्हे, आणि ज्यांनी शाळेचे दार बंद ठेवले त्यांनी निरक्षरतेचे कारण पुढे करणे उचित नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद होता. अमेरिकेच्या दक्षिणेत साक्षरतेच्या परीक्षेने कोणाला वगळले होते, हे ध्यानी घेतल्यास या युक्तिवादाचे मोल कळते.

पुणे करार आणि त्यानंतर

ऑगस्ट १९३२ मधील जातीय निवाड्याने अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा व त्यांच्यासाठी स्वतंत्र मतदान मान्य केले. महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा १४८ झाल्या, परंतु अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाकडे गेली. प्राथमिक फेरीत अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांचे मंडळ निवडायचे आणि त्यांतून एकाची निवड सर्वांनी करायची, अशी ही तडजोड होती. विभक्त मतदारसंघांमुळे हिंदू समाजात कायमची फूट पडेल, हे गांधीजींचे भय प्रामाणिक होते. बाबासाहेबांची चिंताही तितकीच खरी होती. जेथे बहुसंख्य मते दुसऱ्यांची, तेथे राखीव जागेवरील माणूस कोणाला उत्तरदायी राहील? १९४५-४६ च्या निवडणुकांत प्राथमिक फेरीतील अस्पृश्यांचा कौल एकीकडे व अंतिम निकाल दुसरीकडे, असा प्रकार अनेक ठिकाणी घडला. फेडरेशनचे अगदी मोजके उमेदवार निवडून आले.

संविधानातील कुलपे

बंगालमधून आणि फाळणीनंतर मुंबईतून संविधान सभेत आलेल्या बाबासाहेबांकडे २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती आली. तत्पूर्वी मार्च महिन्यातच त्यांनी राज्ये आणि अल्पसंख्याक या विषयावर आपले निवेदन प्रसिद्ध केले होते. त्यातील नागरी हक्कांची कलमे रचताना त्यांनी अमेरिकेची चौदावी घटनादुरुस्ती आणि कृष्णवर्णीयांच्या संरक्षणासाठी १८६६ व १८७५ साली झालेले कायदे यांचा आधार घेतला होता.

अमेरिकेने केलेल्या चुका भारतीय संविधानाने टाळल्या. पंधराव्या दुरुस्तीची भाषा नकारात्मक आहे. अमुक कारणावरून मत नाकारू नये, एवढेच ती सांगते. आपले ३२६ वे कलम प्रौढ मताधिकार होकारार्थी शब्दांत देते. त्यात कर नाही, मालमत्ता नाही, परीक्षा नाही. ३२५ व्या कलमाने धर्म, वंश, जात अथवा लिंग यांवरून मतदारयादीतून वगळण्यास मनाई करून सर्वांसाठी एकच यादी ठेवली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे याद्यांचे नियंत्रण प्रांतांकडून काढून घेण्यात आले. १५ जून १९४९ रोजी निवडणूक आयोगाविषयीची दुरुस्ती मांडताना बाबासाहेबांनी कारण स्पष्ट केले होते. वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने भिन्न असलेल्या लोकांना मतदारयादीत घेऊ नये, अशा सूचना काही प्रांतांत अधिकाऱ्यांना दिल्या जात असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. लुइझियानाचे दुखणे भारतात रुजण्यापूर्वीच ओळखले गेले, हे या देशाचे भाग्य. १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण शेकडा १८ च्या आसपास होते. साक्षरतेची अट असती तर पाचांतील चार माणसे पहिल्याच निवडणुकीत दाराबाहेर राहिली असती. त्याऐवजी १७ कोटींहून अधिक मतदारांची नोंद झाली.

एक मागणी मात्र संविधानात उतरली नाही. प्रमुख उद्योग व शेती राज्याच्या मालकीची असावी आणि ही रचना कोणत्याही बहुमताला बदलता येऊ नये म्हणून घटनेतच घालावी, असे त्या निवेदनात त्यांनी सुचवले होते. ही योजना व्यवहार्य ठरली असती का, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत मतभेद होऊ शकतात. तिच्यामागील निदान मात्र अचूक होते. ज्याची रोजची मजुरी एका घराच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याचे मत गुप्त राहिले तरी स्वतंत्र राहीलच असे नाही. म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी इशारा दिला, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत देश प्रवेश करीत आहे आणि ती लवकर दूर न केल्यास लोकशाहीची वास्तूच कोसळेल.

नागपूर, १९५६

मुंबई आणि भंडारा येथील पराभव या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजेत. दोन्ही मतदारसंघ द्विसदस्यीय होते. मुंबईच्या निकालाविरुद्ध त्यांनी अशोक मेहता यांच्यासह निवडणूक अर्ज दाखल केला, पण तो फेटाळला गेला. पराभवाने ते मताधिकाराविषयी निराश झाले नाहीत. राखीव जागांविषयी मात्र त्यांचे मत बदलत गेले. १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने कायदेमंडळांतील राखीव जागा रद्द करण्याची मागणी करणारा ठराव केला. उत्तरदायित्वावाचून जागा असणे म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे, हाच त्याचा आशय होता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, दिल्लीत त्यांचे निधन झाले. दीक्षेचा हा सोहळा राजकारणाबाहेरचा मानला जातो. परंतु ज्याने मताच्या तीन पायऱ्या ओळखल्या होत्या, त्याला चौथीही दिसली असावी. मत देणाऱ्या माणसाला प्रथम स्वतःची किंमत पटली पाहिजे. ती कोणत्याही घटनादुरुस्तीने देता येत नाही.

घटनादुरुस्त्या त्यानंतर पुष्कळ झाल्या. एकसष्टाव्या दुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले. राखीव जागांची मूळ दहा वर्षांची मुदत दर दशकाला वाढत गेली आणि २०१९ च्या एकशे चौथ्या दुरुस्तीने ती २५ जानेवारी २०३० पर्यंत नेली आहे. प्रत्येक वेळी संसदेने मुदत वाढवली, पण राखीव जागेवरील प्रतिनिधी कोणाला उत्तरदायी आहे, या १९२० साली नागपुरात विचारल्या गेलेल्या प्रश्नाची चर्चा क्वचितच झाली. अमेरिकेत १९६५ च्या कायद्यातील एक महत्त्वाची तरतूद तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निष्प्रभ केली. मिळालेला हक्कही राखावा लागतो, हे त्यावरून उमजावे. २०३० ची मुदत जवळ येत असताना केवळ आणखी दहा वर्षे मोजून देणे सोपे आहे. भंडाऱ्याच्या त्या मतपेटीने जे विचारले, त्याचे उत्तर शोधणे अवघड आहे, आणि बाबासाहेबांचे ऋण मानणाऱ्या समाजाला ते टाळता येणार नाही.