डिक्कीतली घागर आणि एक लष्करी डॉक्टर

मेहकरहून समृद्धी महामार्गावर चढले की इकडे नागपूर असो वा तिकडे नाशिक, तासन्‌तास गाडीतच बसायचे असते. म्हणून नवी गाडी घरी आली की सीटकव्हरच्या पाठोपाठ अनेकांच्या यादीत येतात ते मागच्या काचेखालच्या फळीवरचे ‘सहा बाय नऊ’चे दोन लंबगोल स्पीकर. फळी कापून ते असे बसवतात की तोंड गाडीत आणि पाठ डिक्कीत राहते. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. हे दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले तर खालच्या सुरांची वजाबाकी होते आणि बेस नाहीसा होतो. डिक्की मागचा आवाज कोंडून ठेवते, म्हणून बेस टिकतो. हेच स्पीकर नुसत्या पातळ, हलत्या झाकणावर लावले की बेस कमी आणि खडखड जास्त.

पोकळीत कोंडलेली हवा आवाजाशी कशी वागते, याचे गणित मांडणाऱ्यांत पहिल्या रांगेतले नाव हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांचे. जग त्यांना भौतिकशास्त्रज्ञ म्हणून ओळखते. पण ते मुळात डॉक्टर होते आणि डॉक्टर झाले ते नाइलाजाने.

31 ऑगस्ट 1821 रोजी जर्मनीतील पोट्सडाम येथे त्यांचा जन्म झाला. वडील शाळेत शिक्षक होते, घरात मुले अनेक आणि पगार बेताचा. हेर्मानला भौतिकशास्त्र शिकायचे होते, पण त्याचा खर्च वडिलांना झेपणारा नव्हता. वैद्यकीय शिक्षण मात्र बर्लिनच्या लष्करी संस्थेत सरकारी खर्चाने मिळत होते. अट एकच, पुढे आठ वर्षे लष्करात डॉक्टर म्हणून नोकरी. आजच्या मुलांना ‘बॉण्ड’ शब्द नवा नाही. 1838 मध्ये या मुलाने तो स्वीकारला आणि बर्लिनला जाताना आपला पियानोही सोबत नेला. अभ्यासाच्या धबडग्यात तो रोज वाजवणे त्याने सोडले नाही.

विद्यार्थी असताना ते तापाने गंभीर आजारी पडले. संस्थेचे विद्यार्थी म्हणून रुग्णालयात उपचार फुकट झाले. त्या काळात न खर्चलेला भत्ता साठला आणि त्यातून त्यांनी एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. त्याच सूक्ष्मदर्शकाच्या बळावर मज्जापेशींवरचा प्रबंध लिहून 1842 मध्ये ते डॉक्टर झाले.

पुढची पाच वर्षे पोट्सडामच्या छावणीत गेली. दिवसा सैनिक तपासायचे आणि उरलेल्या वेळात बराकीत मांडलेल्या छोट्या प्रयोगशाळेत बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करायचे. स्नायू आकुंचन पावताना उष्णता निघते, ती येते कुठून? सजीवांत काही वेगळी ‘प्राणशक्ती’ असते, हे उत्तर त्यांना पटत नव्हते. त्यातून 1847 मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा त्यांचा निबंध तयार झाला. तेव्हा त्यांनी पंचविशी नुकतीच गाठली होती. प्रतिष्ठित नियतकालिकाने तो छापायला नकार दिला, म्हणून तो वेगळी पुस्तिका म्हणून छापावा लागला. आज शाळेच्या पुस्तकात हा नियम दोन ओळींत संपतो. एका छावणीतल्या डॉक्टराने तो मांडला, हे त्या ओळींवरून कुणाच्या लक्षात येणार?

1848 मध्ये मुदतीआधीच त्यांची लष्करातून सुटका झाली आणि पुढच्या वर्षी क्योनिग्जबर्गला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. तिथे त्यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजले. सेकंदाला सुमारे 27 मीटर. हा वेग मोजताच येणार नाही, असे त्यांचे स्वतःचे गुरू मानत होते. लगेच पुढचे काम ऑफ्थॅल्मोस्कोपचे. तोवर जिवंत माणसाच्या बुबुळात डोकावले तर काळोखच दिसे, कारण पाहणाऱ्याचे डोके उजेडाच्या आड येई. हेल्महोल्ट्झ यांनी काच तिरकी धरून दिव्याचा उजेड डोळ्यात वळवला आणि त्याच काचेतून आत पाहिले. पहिले यंत्र चष्म्याची भिंगे, पुठ्ठा आणि काचेचे तुकडे जोडून केलेले होते. मधुमेही रुग्णाच्या डोळ्याचा पडदा आज तपासला जातो, त्याची सुरुवात 1851 च्या या यंत्रापासून होते.

1858 मध्ये ते हायडेलबर्गला आले. पुढच्याच वर्षी पत्नी ओल्गा क्षयाने गेली. पदरात दोन लहान मुले होती. त्या काळात क्षयाचा जंतूही ठाऊक नव्हता, मग औषध कुठले? या घरात, त्या दुःखाच्या आसपासच्या वर्षांत, कानावरचे त्यांचे मोठे काम पुरे होत गेले.

अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागर फुंकतात, ती घुमते. नळाखालची घागर भरत आली की तिचा आवाज चढत जातो. कारण साधे आहे. घागरीच्या गळ्यातली हवा वजनासारखी हलते आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी दाबली जाते. पोट लहान झाले की स्प्रिंग ताठ होते आणि सूर चढतो. हेल्महोल्ट्झ यांनी असेच पोकळ गोळे वेगवेगळ्या मापांत करून घेतले. एका बाजूला तोंड, दुसऱ्या बाजूला कानात बसणारे टोक. प्रत्येक गोळा एकाच सुराला घुमतो, त्यामुळे एका स्वरात दडलेले इतर सूर त्यांना वेगळे काढता आले. चालत्या गाडीची मागची एकच काच उघडली की कानावर जी धडधड आदळते, तीही हीच घागर. दुसरी काच थोडी खाली केली की ती बहुधा थांबते. बेससाठी खोक्याला नळी ठेवतात, तीही घागरीच्या गळ्याचेच काम करते.

1863 च्या ग्रंथात त्यांनी कानाच्या आतल्या शंखाकृती भागाची तुलना पियानोशी केली. प्रत्येक सुराला आत ठरलेली जागा असते, असा त्यांचा सिद्धान्त. पुढे बेकेशी यांनी दाखवले की तारा सुट्या झंकारत नाहीत, तर पडद्यावरून लाट धावते. त्यांना 1961 चे नोबेल मिळाले. पण सुराची जागा ठरलेली असते, हा गाभा टिकला.

आणि मागच्या सीटवरच्या मुलांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. फळीवरचे स्पीकर त्यांच्या डोक्यामागे वीतभर अंतरावर असतात. आवाज लावणारा पुढे असतो. मोठ्या आवाजाने पहिला मार बसतो तो 4000 हर्ट्झच्या आसपासच्या जागेवरच्या पेशींना. या पेशी मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बेस ऐकू येतच राहतो, म्हणून काही बिघडल्याचे कळत नाही. मात्र ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटू लागतात आणि माणसे पुटपुटतात अशी तक्रार सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबल फक्त 4 तास आणि 100 डेसिबल जेमतेम 20 मिनिटे. शेजारच्याशी ओरडून बोलावे लागले तर आवाज कमी करायची वेळ झाली. गाडीतून उतरल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर ती वेळ टळून गेली आहे. शिट्टी दिवसभरात थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

1871 मध्ये हेल्महोल्ट्झ बर्लिनला गेले, ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून. लहानपणी हुकलेला विषय पन्नाशीच्या उंबरठ्यावर हाती आला. ज्यांच्या नावाने आज कंपने मोजतात ते हर्ट्झ त्यांचेच विद्यार्थी. 1893 मध्ये शिकागोहून परतताना जहाजाच्या जिन्यावरून पडून त्यांच्या डोक्याला मार लागला. पुढच्या जुलैत पक्षाघात झाला आणि 8 सप्टेंबर 1894 रोजी ते गेले. आजच्यासारखा कागदी पडद्याचा स्पीकर यायला त्यानंतर आणखी तीसेक वर्षे लागली.