कादंबरीकार ना. सी. फडके
मराठी कादंबरीला प्रणयाचे लावण्य देणारे नारायण सीताराम फडके १८९४ साली नगर जिल्ह्यातील कर्जत येथे जन्मले. १९१७ मध्ये ‘अल्ला हो अकबर’ ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते.

कला ही कलेसाठीच, असा फडक्यांचा आग्रह. तर सावंतवाडीकडील शिरोड्याच्या शाळेत अध्यापन केलेले वि. स. खांडेकर जीवनासाठी कला मानीत. हा वाद पुष्कळ गाजला. तथापि १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फडक्यांना लाभले आणि लगेच पुढील वर्षी सोलापुरास खांडेकरांना!

१९६२ साली पद्मभूषण मिळालेले फडके १९७८ मध्ये निवर्तले. उभय पक्षांचा असा सन्मान करणारी रसिकता आमच्या विद्यार्थ्यांनीही अंगी बाणवावी, असे आम्हांस वाटते.