किंग आणि ट्रॉयचा विद्यार्थी

अमेरिकेत अलाबामा राज्यातील ट्रॉय गावाजवळ राहणाऱ्या जॉन लुइस या शेतकऱ्याच्या मुलाने १९५७ साली तेथील कॉलेजात अर्ज केला. कॉलेज फक्त गोऱ्यांचे; उत्तर आले नाही. तेव्हा त्याने मार्टिन ल्यूथर किंग यांना पत्र लिहिले.

किंग यांचा जन्म १९२९ साली अटलांटा येथे धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १९५५ साली मॉन्टगोमेरीत सुरू झालेल्या ३८१ दिवसांच्या बसबहिष्काराचे ते नेते. घरावर बॉम्ब पडला, तरी त्यांनी जमावाला हात उगारू दिला नाही.

त्यांनी मुलाला बसचे तिकीट पाठविले. १९५८ साली भेट झाली. कोर्टात जाता येईल, पण घर व जमीन धोक्यात येईल, म्हणून आधी आईवडिलांची संमती घे, असे त्यांनी सांगितले. आईवडील भ्याले. मुलाने अर्जाचा नाद सोडला, सत्याग्रहाचा नाही.

१९५९ साली किंग गांधीजींच्या भूमीचे दर्शन घेऊन आले. १९६० साली नॅशव्हिलचे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव उपाहारगृहांत शांतपणे बसले, मार खाऊन तुरुंगात गेले. त्यांत लुइस होता. त्याच वर्षी अटलांटात विद्यार्थ्यांबरोबर किंगही तुरुंगात गेले.

१९६४ च्या कायद्याने सार्वजनिक जागांतील वर्णभेद बेकायदा ठरला. ४ एप्रिल १९६८ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, मेम्फिस येथे किंग यांची हत्या झाली. लुइस १९८७ पासून २०२० साली मृत्यू येईपर्यंत अमेरिकेच्या संसदेत होते.

उसाच्या मळ्यांत राबलेल्या पूर्वजांची आम्ही लेकरे. घरदार जाण्याची भीती आम्हांस कळते. त्या आईवडिलांना आम्ही भित्रे म्हणणार नाही.