पंडिता रमाबाई : निवाड्याची भीती सरली तेव्हा

पंडिता रमाबाई म्हटले की आपल्या घरांत शारदा सदन आणि स्त्रीशिक्षण आठवते. त्या ख्रिस्ती झाल्या, हा भाग आपण हळूच गाळतो. पण तो गाळला तर त्या मृत्यूला कशा सामोऱ्या गेल्या हे कळतच नाही.

मृत्यू त्यांनी फार लवकर पाहिला. जन्म २३ एप्रिल १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक होते. तीर्थे फिरायची, पुराण सांगायचे, पैसा दानधर्मात घालायचा. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला, आणि पोट रिकामे असताना पुराण ऐकणार कोण? अकरा दिवस या कुटुंबाने पाणी आणि रानातल्या पाल्यावर काढले. वडिलांनी जलसमाधीचा निश्चय केला. मुलगा श्रीनिवास मजुरी करायला तयार झाला म्हणून तो बेत राहिला, पण देह आधीच खंगले होते. वडील गेले, पाठोपाठ आई, मग बहीण. आईच्या तिरडीला चौथा खांदेकरी मिळेना, तेव्हा रमाबाईच पुढे झाल्या. उंची कमी, म्हणून त्यांनी भार डोक्यावर घेतला. स्मशान तीन मैलांवर होते.

एवढ्या व्रतांनी, एवढ्या दानाने काय साधले? आणि देवापुढे उभे राहायची वेळ आली तर स्त्रीच्या पदरी काय? पोथ्या तोंडपाठ असूनही त्यांना पटेल असे उत्तर मिळाले नाही. १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. कडेवर लहानगी मनोरमा.

१८८३मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. त्यामागे नेहेम्या गोऱ्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. हे मूळचे नीलकंठशास्त्री गोरे, काशीत वाढलेले. आपल्यासारखेच उत्तरेत स्थिरावलेले मराठी घराणे. तरी मन लगेच निवले नाही. क्षमा पुण्याईने मिळवायची नसते, ख्रिस्ताने ती देऊन ठेवली आहे, हे आपल्याला १८९१च्या सुमारास उमगले, असे त्यांनी पुढे लिहिले. निवाड्याच्या दिवसाचा धाक तेव्हा गेला.

मग त्या भुकेल्यांकडे वळल्या. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून त्यांनी शेकडो मुली आणि विधवा केडगावला नेल्या. आपल्या माळव्यात ज्याला छप्पन्याचा दुष्काळ म्हणतात, त्यातही मुक्ती सदनाचे दार उघडेच राहिले. उपासमार काय असते हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

शेवटची सुमारे अठरा वर्षे त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या, तेही साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत. कान जवळजवळ गेले होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा मिरजेला वारली. एकुलती एक मुलगी, सदनाची पुढची धुरा तिच्यावर टाकायची होती. आईचे काळीज फाटलेच असेल. पण ती प्रभूकडे गेली आहे या विश्वासावर रमाबाई पुन्हा मुद्रितांपुढे बसल्या.

सांगतात, अखेरच्या आजारात त्यांनी देवाकडे मुद्रिते तपासण्यापुरते दहा दिवस मागितले. ते काम उरकले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.